दुसऱ्याच्या बुचाबद्दल बोलायचं नाही

११ जानेवारी

अहो,

पोचलात ना? पोचलातच असणार. थोरल्याचा फोन आला होता. "आई, बाबा आले, जेवले, झोपले." मी विचारलं, काही बोलले का? तर म्हणाला, "हो. म्हणाले, माझी गळाची काठी भंगारात देऊन टाक म्हणावं तिला. आता मी इकडंच राहणार."

भंगारात मी तुम्हालाच दिलं असतं, पण घेणार कोण?

पत्र अशासाठी लिहितेय की फोनवर तुम्ही येत नाही, आणि आलात तरी "हं" म्हणून ठेवून देता. पत्राला "हं" म्हणता येत नाही. मधेच तोंडही घालता येत नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझं बोलणं शेवटपर्यंत जाणार आहे, त्यामुळं एवढ्या संतापातसुद्धा मला आतून गुदगुल्या होतायत. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं. पण राग नीट वाचता येईल, काळजी नसावी.

आता मुद्द्याचं. रविवारी खाणीच्या तळ्यावर सगळ्यांसमोर तुम्ही काय म्हणालात? "ही पाण्यात काहीतरी टाकते." माझ्याकडं बोट दाखवून! कंपाउंडर होता, शिंपीणबाई होत्या, एकाच छत्रीत येणारे ते दोघे भाऊ होते. कंपाउंडरनं काय ते एवढंच म्हटलं होतं, "घड्याळजी, तुमच्या घरात मासे एकाच माणसाला ओळखतात वाटतं." हसण्यावारी न्यायची गोष्ट. त्याला स्वतःला दिवसभरात एक बेडूक लागला होता, त्याचं काय मनावर घ्यायचं? पण तुम्ही उठलात, बोट रोखलंत, काठी दुमडलीत आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरून चालते झालात. बायकोला चोर ठरवून.

मी काय हो टाकते पाण्यात? गळ टाकते. गळाला गांडूळ. तुमचंच गांडूळ, त्याच डब्यातलं, जो डबा आपल्या दोघांच्या मधे असतो. हातभर अंतरावर बसतो आपण. तेच पाणी, तीच सावली. माझ्या बाजूला मासे आणि तुमच्या बाजूला तुम्ही, हा काय माझा गुन्हा?

आज मी एकटीच गेले. सगळ्यांना वाटलं होतं, लाजून घरी बसेल. माझं जातंय खेटर लाजायला! आणि अहो, काय मासा लागला! कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. पाठ अशी, जणू नवं पातेलं उन्हात धरलंय. काठी वाकली, मी वाकले, शिंपीणबाईंनी मागून माझी कंबर धरली. एकाच छत्रीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी सवयीनं उजवीकडं वळले, तुमचं तोंड कसं पडलंय ते बघायला. तिथं नुसता दगड. त्याचाही मला राग आला.

तर ऐका. परत यायचं, त्याच दगडावर उभं राहायचं, आणि कंपाउंडरसमोर म्हणायचं की मी खोटं बोललो. तोवर काठी कुठंही जाणार नाही. दाराआड भिंतीकडं तोंड करून उभी राहील. तुमचीच सवय लागलीय तिला.

पाण्यात काहीतरी टाकणारी


१९ जानेवारी

अहो,

पत्राला पत्र नाही, थोरल्याकडून निरोप. "बाबा म्हणतात, जागेचा फरक असतो."

जागेचा! मागं आपण जागा बदलून बसलो होतो की नाही? मी तुमच्या दगडावर, तुम्ही माझ्या. तेव्हा म्हणालात वारा फिरला. वारा काय माझा मावसभाऊ आहे, मी उठले की उठतो आणि बसले की बसतो?

पण म्हटलं, असू दे. कुणी म्हणायला नको, हिनं ऐकून घेतलं नाही. तेव्हा काल तुमच्या दगडावर जाऊन बसले. तुमचं ते पोत्याचं बसकूर घेतलं, तुमच्या बाजूला तोंड केलं, तुमच्यासारखा चेहरा केला. शिंपीणबाई हसून हसून आडव्या झाल्या. आणि चहा प्यायच्या आत दोन मासे.

मग म्हटलं काठी असेल. माझा बांबू, तुमची विकतची, दोरी गुंडाळायच्या चाकाची. तर आज तुमची काठी घेऊन गेले. चाक किरकिरतंय, हो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या काठीचं चाक किरकिरतं, लोक काय म्हणतील? पण मासा लागला. चांगला लागला. काठी अशी वाकली बघा, खूश होती बिचारी. किती दिवसांत तिला कुणी वाकवलंच नव्हतं.

कंपाउंडरचं म्हणणं वेगळंच. म्हणतो, "आजी, बाईमाणसाचा हात मऊ असतो, मासे मऊ हाताला येतात." मी त्याच्या पुढ्यात हात धरला. जन्मभर भांडी घासून खरवडलेला. म्हटलं, याला मऊ म्हणतोस? मग तुझ्या गोळ्या-औषधांचं काही खरं नाही.

खरं कारण मी सांगते. एक म्हणजे तुमचा मलम. गुडघ्याला चोळता, आणि त्याच हातानं गांडूळ लावता. एवढा उग्र वास की शेजारी बसून माझं नाक मोकळं होतं. पाण्यातल्या जिवाला काय वाटत असेल? दुसरं म्हणजे तुमचा पाय. उजवा पाय सारखा टकटक हलत असतो. जन्म घड्याळांत गेला, ती टिकटिक पायात उतरलीय. दगडावर पाय वाजला की पाण्यात ऐकू जातं, हे मी परकरात असताना माझे वडील सांगायचे. तळ्यावर पाऊल मांजराचं पाहिजे.

झालं. हातपाय धुऊन गुपचूप बसा, लागतील मासे. एवढं साधं होतं. त्यासाठी घर सोडायचं आणि बायकोची बेअब्रू करायची गरज नव्हती. हे मी तेव्हाच का सांगितलं नाही, असं विचाराल तर तुम्ही विचारलं नव्हतंत. तुम्ही कधी काही विचारता का?

बाकी ठीक. मांजर तुमच्या खुर्चीत झोपतं. त्याच्या अंगावर मी ओरडत नाही.

मऊ हाताची


२ फेब्रुवारी

अहो,

मी फसले. म्हणजे माझं कारण फसलं. आणि त्यामुळं मी इतकी चिडलेय की काय सांगू.

तुमचा मलम दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळला. तुमचे बूट घातले, जे मला होड्यांसारखे होतात. तुमच्या दगडावर बसून तुमची काठी धरली आणि पाय असा वाजवत राहिले की एकाच छत्रीवाल्यातला धाकटा म्हणाला, "आजी, लग्नघरचा ढोल आहे का?" कंपाउंडर लांब जाऊन बसला, वासानं. औषधांत आयुष्य काढलेला माणूस!

मासे लागले. नेहमीपेक्षा थोडे कमी, पण लागले. म्हणजे मलम खरा नाही आणि पायही खरा नाही. जागा नाही, काठी नाही, गांडूळ नाही, वारा नाही. मग तुमच्या गळाला मासा का नाही? आता मला ते कोडं झोपू देत नाही. तिकडं तुम्ही घोरत असाल.

आणि एक गोष्ट सांगते, जी मी कधी बोलले नाही. तुमच्या गळाला मासे येतात. मी डोळ्यांनी बघितलंय. दोरीवरचं तुमचं तरंगतं बूच बुडतं, पुन्हा वर येतं, पुन्हा बुडतं, पार खाली जातं. आणि तुम्ही समोर बघत बसता, स्टेजवरच्या पुढाऱ्यासारखे. मासा गांडूळ खातो, ढेकर देतो, जातो. मग बऱ्याच वेळानं तुम्ही गळ वर काढता, आणि म्हणता, "आज मासेच नाहीत."

मी काही बोलले नाही, कारण नियम तुमचा आहे. आठवतंय ना? लग्नाचं पहिलं वर्ष. तुमच्या मित्रांबरोबर मला पहिल्यांदा तळ्यावर नेलंत, मोठ्या कौतुकानं, नवी बायको दाखवायला. तुमचं बूच बुडालं आणि माझ्यानं राहवेना. मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "ओढा! अहो, ओढा ना!" तुम्ही दचकून ओढलंत, मासा सुटला, आणि मित्रांनी पुढं कितीतरी दिवस तुम्हाला "ओढा" म्हणूनच हाक मारली. घरी परतलो. दाराशी आल्यावर एवढंच म्हणालात, "दुसऱ्याच्या बुचाबद्दल बोलायचं नाही." झालं. तो नियम. पुढं तो अख्ख्या तळ्याचा झाला. नवीन कुणी आलं की कंपाउंडरच सांगतो, बाबा रे, इथं दुसऱ्याच्या बुचाबद्दल बोलत नाहीत. तुम्हाला केवढा अभिमान त्याचा!

मी तो पाळला. जीभ चावून चावून पाळला. तुमचं बूच बुडताना बघायचं आणि मांजराबद्दल बोलायचं. मला वाटायचं, मुद्दाम करतात. मोठा येईपर्यंत लहानाला ओढायचं नाही, असा काही थाट असेल. आणि खरं सांगू? थोडी मजाही यायची. मनात म्हणायचे, बसा तसेच.

आणखी एक. गळाला दोरा ओवायचं काम अलीकडं माझ्याकडं का आलं हो? "माझ्या बोटांना गांडूळ लागलंय." केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं बसवणारा माणूस तुम्ही, एवढ्या मोठ्या गळात दोरा ओवायला बायको लागते! आळस तो किती.

उत्तर द्या. थोरल्याकडून नको. स्वतः लिहा. लग्न ठरल्यावर माझ्या पत्रातल्या चुका लाल शाईनं काढून परत पाठवायचात, विसरलात? आता मी मुद्दाम चुका करतेय. काढा.

लग्नघरचा ढोल


९ फेब्रुवारी

अहो,

आज चिमणीचा फोन आला होता. आपली नात ती, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुमच्या लक्षात राहायला हवं होतं.

म्हणाली, "आजी, तू आजोबांना पुढारी का म्हणालीस?"

म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"मीच वाचून दाखवते ना तुझी पत्रं. आजोबा म्हणतात, तुझं अक्षर लागत नाही. ढोलाचं मला खूप आवडलं. ते दोनदा वाचायला लावलं त्यांनी."

माझं अक्षर लागत नाही! डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरचं लागायचं, आणि माझं नाही? मी म्हटलं, "बरं. आणि वर्तमानपत्र गं? ते छापील असतं."

"तेही मीच वाचते. आजोबांना फक्त ठळक दिसतं. आणि आजी, ते टीव्ही कसा बघतात माहितीये? असा कडेनं. चिमणी दाणा बघते तशी मान वाकडी करून. मी तशीच करून दाखवली तर आई रागावली."

मी फोन ठेवला.

मग मी दुकानाची किल्ली घेतली. तुम्ही बंद केल्यापासून तिकडं गेलेच नव्हते. दार उघडलं तशी वरची घंटी वाजली, गिऱ्हाईक आल्यासारखी, आणि मी मूर्ख बाई "आले, आले" म्हणाले. टेबलावर धूळ. खण ओढला. आत तुमचं डोळ्याला लावायचं भिंग. एक नाही. एकावर एक दोन भिंगं, चिकटपट्टीनं बांधलेली. त्याच्यामागं तिसरं, ते दोऱ्यानं बांधायला घेतलेलं, अर्धवट सोडलेलं. गाठ बसली नव्हती.

"आता घड्याळं कोण दुरुस्त करून घेतं? सगळे फोनमधे वेळ बघतात." असं म्हणून कुलूप लावलंत ना? आणि मी सगळ्यांना तेच सांगत फिरले. शिंपीणबाईंना सांगितलं. काळ बदलला म्हटलं. काळाच्या नावानं बोटं मोडली, दळभद्री काळ म्हटलं.

बूच. तुम्हाला बूच दिसतच नव्हतं.

आता मी तुम्हाला काही विचारणार नाही. तुम्ही खोटं बोलता. सूनबाईला फोन करते.


१० फेब्रुवारी

चिमणे,

हे पत्र तू वाचणार आहेस, तेव्हा आधी तुझ्याशी बोलते. मोठ्यानं वाच. एक शब्द गाळायचा नाही. आजोबा म्हणतील, पुरे, बस. थांबायचं नाही. शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल. आणि वाचताना मधून मधून त्यांच्याकडं बघ, मला नंतर सांग.

आता अहो,

सूनबाई पहिल्यांदा "नाही हो आई, तसं काही नाही" म्हणाली. मी म्हटलं, मी सामान बांधते आणि येते. मग रडली, आणि सगळं सांगितलं. डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय. चष्म्यानं भागणार नाही. गेलं ते येणार नाही, आहे ते राहावं म्हणून डोळ्यात सुया घ्यायच्या. त्याचं मोठं इस्पितळ तिकडं आहे, आणि तुम्ही जायच्या आधीच दिवस ठरवून ठेवला होता. जायच्या आधी!

म्हणजे रविवारी तळ्यावर तुम्हाला माझा राग आलाच नव्हता. तुम्हाला जायला निमित्त हवं होतं. भांडून गेलं की कुणी विचारत नाही कुठं चाललात, किती दिवस. बायको तर मुळीच विचारत नाही, ती फुरंगटून बसते. घड्याळ जुळवावं तसं जुळवलंत सगळं. आणि त्यात मला चोर केलंत. चार माणसांत. आंधळा होतोय म्हणायची लाज वाटली, बायको लबाड आहे म्हणायची नाही वाटली!

चिमणे, हे पुन्हा वाच. "बायको लबाड आहे म्हणायची नाही वाटली."

लोक म्हणतात, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. तुम्ही घरात राहून माझ्याशी केलंत, आणि तेही खोटं खोटं. खरं वैर असतं तर मी निभावलं असतं. पहिल्या वर्षी काय कमी भांडलो आपण? पण हे असं, मला बाहेर उभं करून दार लावून घ्यायचं? मी तुमच्या गुडघ्याला मलम चोळते, तुमच्या कानातले केस कापते. तुमच्यात काय आहे जे मी बघितलं नाही? डोळेच तेवढे लपवायला सापडले?

आणि सुई टोचताना कोण बसतं जवळ? सूनबाई म्हणाली, "बाबा कुणाला आत येऊ देत नाहीत." म्हणजे एकटे बसता. डोळ्यात सुई घेत. मोठे शूर.

मला भीती वाटत नाही असं नाही. भीती कुणाला नाही वाटत? पण भीती नंतर. आधी मला तुमचा इतका राग आलाय की सकाळपासून मी घरातली सगळी भांडी घासली, घासलेलीही घासली. मांजर कपाटावर जाऊन बसलंय.

तुम्ही म्हणे ठरवलंय की तिकडंच राहणार. तळ्यावर परत यायचं नाही. का, तर लोक म्हणतील, घड्याळजी बुचाकडं बघत नुसता बसतो. बघू. ते ठरवणारे तुम्ही एकटे कोण?

चिमणे, झालं वाचून. आता त्यांना पाणी दे. आणि खिडकीकडं तोंड केलं असेल तर करू दे.

आजी


२१ फेब्रुवारी

अहो,

थोरला म्हणाला, पत्र ऐकल्यापासून तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलला नाहीत. चांगलं झालं. मी सव्वा महिना तुमच्याशिवाय बडबडतेय, तुम्ही दोन दिवस गप्प राहिलात तर काय बिघडलं? चिमणीनं मला सगळं सांगितलंय, कुठल्या ओळीला तुम्ही काय केलंत. ते मी इथं लिहीत नाही. तीच वाचतेय म्हणून.

आता मी काय केलं ते ऐका.

दुकानाच्या दारावरची घंटी काढली. स्टुलावर चढून. ओरडू नका, शिंपीणबाईंनी स्टूल धरलं होतं. बोराएवढी घंटी, पण आवाज कसा खणखणीत. ती तुमच्या काठीच्या टोकाला बांधली, बूच काढून टाकलं, बुचाच्या जागी शिशाचा तुकडा लावून दोरी ताणून ठेवली. आणि तळ्यावर जाऊन तुमच्या दगडावर बसले आणि डोळ्यांवर रुमाल बांधला. घट्ट. दुहेरी.

सगळे जमले. कंपाउंडर म्हणाला, "आजी, हा काय खेळ? आंधळी कोशिंबीर खेळताय का?" मी म्हटलं, तू गप बस आणि कुणी मला काही सांगायचं नाही.

घंटी वाजली, मी ओढलं. काही नाही. पुन्हा वाजली, पुन्हा ओढलं. काही नाही. वारा! सकाळभर मी वाऱ्याला ओढत बसले. एकदा तर शिंपीणबाईंची काठी पकडून ओढली. सगळे हसत होते आणि मला रुमालाच्या आत इतका राग येत होता. तुमचा, वाऱ्याचा, डोळ्यांचा. डोळे मिटून नुसतं बसणं काय असतं ते मला तिथं कळलं. बाजूला कुणाला मासा लागला की आवाजावरून कळतं, आणि आपल्या हातात नुसती काठी. तुम्ही तसे किती दिवस बसलात हो? आणि वर मी मांजराबद्दल बोलत होते.

पण मग कान सरावला. वारा आला की घंटी हसल्यासारखी वाजते, बराच वेळ, उगाच. मासा आला की दचकल्यासारखी. एकदा टण्, मग काही नाही, मग दोनदा. एकदा कळलं की कळलं. मी तिसऱ्या टणला ओढलं, आणि आला! अहो, रुमाल न सोडता काढला मी तो. हातात घेऊन चाचपला. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत. जन्मात इतके मासे काढले, पण एवढा नीट कुठलाच बघितला नव्हता.

मी जर म्हातारपणी सकाळभरात हे शिकले, तर तुम्हाला किती वेळ लागेल? बिघडलेलं घड्याळ कानाला लावून सांगायचात, याच्या चाकाचा दात झिजलाय म्हणून. तुमच्या कानांना काय धाड भरलीय? ते कुठल्या डॉक्टरकडं लपवून ठेवलेत का?

कंपाउंडर हसायचा थांबला होता. रुमाल सोडला तेव्हा बघितलं. हळूच म्हणाला, "घड्याळजींसाठी आहे का?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मला वाटायचं, मुद्दाम ओढत नाहीत." म्हटलं, मलाही. मग एकाच छत्रीवाल्यातला थोरला म्हणाला, त्यालाही. अख्खं तळं बघत होतं तुमचं बूच बुडताना, आणि अख्खं तळं गप्प. तुमच्याच नियमानं. काय नियम काढलात!

माझी अट अजून तीच आहे. कंपाउंडरसमोर म्हणायचं.

मासा चाचपणारी


२६ फेब्रुवारी

अहो,

काल फोनवर आलात. स्वतः. मला वाटलं, थोरलाच बोलतोय. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. एकदम,

"घंटी टोकाला बांधलीस?"

"टोकाला."

"टोकाला नको. चार बोटं खाली बांध. टोकाला वाऱ्यानं वाजते."

सकाळभर वाऱ्याला ओढणाऱ्या बाईला हे आधी सांगायला काय झालं होतं?

मग म्हणालात, "तेल दे तिला. जुनी आहे, जीभ गंजली असेल."

मी म्हटलं, "माझी नाही गंजली."

"ते ऐकतोय महिनाभर," म्हणालात. आणि हसलात. मला ऐकू आलं, नाही म्हणू नका. आणि मग तुम्ही म्हणालात, "कंपाउंडरला सांग, रविवारी लवकर ये म्हणावं. माझं काम आहे त्याच्याकडं."

मी त्याला सांगितलंय. शिंपीणबाईंनाही सांगितलंय, आणि एकाच छत्रीवाल्यांना. कुणी राहायला नको. तुम्ही चार माणसांत बोललात, मिटवायचं तेही चार माणसांत. माझा राग तोवर उतरणार नाही, आणि नंतरही लगेच उतरेल असं समजू नका. पुढच्या सुईला मी येणार आहे आणि आत बसणार आहे, हेही इस्पितळात सांगून ठेवा. बाहेर बसवलं तर तिथंही मला ओरडता येतं.

शनिवारच्या गाडीनं या. थोरला सोबत येणार म्हणालाय, येऊ दे त्याला, एकटा येतो म्हणून मिरवू नका. घंटी चार बोटं खाली बांधलीय. चाकाला तेल घातलंय. तुमचं बसकूर झटकलंय, मांजराला खुर्चीतून उठवलंय. ते तुमच्यावर रागावलंय, तुम्हीच समजवा त्याला.

आणि आता नियमाचं. नियम तुमचा आहे, मी मोडणार नाही. दुसऱ्याच्या बुचाबद्दल बोलायचं नाही. पण तुमच्या काठीला आता बूचच नाही. तेव्हा रविवारी मी वाट्टेल ते बोलणार आहे.